डांबरगोळीचा वास नाकातून आत गेल्यावर पुढे काय होतं?

ट्रंक उघडली की येणारा तो वास तुम्हाला नक्की आठवत असेल. आजीच्या पैठणीचा, हिवाळ्यातल्या स्वेटरचा, म्हणजे खरं तर डांबरगोळीचा! ही पांढरी गोळी बहुतेक वेळा नॅफ्थॅलीनची असते. ती वितळत नाही, थेट वाफ होते. म्हणूनच काही महिन्यांत कपाटातली गोळी लहान होत जाते. गेलेली गोळी कुठे गेली, तर कपड्यांत, हवेत आणि थोडी तुमच्या श्वासातही.

श्वासातून आत गेलेल्या या वाफेचं काय होतं, हे प्रयोगशाळेतल्या उंदरांवर तपासलं गेलं आहे. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने दिवसाला 6 तास, आठवड्याला 5 दिवस, अशी जवळपास 2 वर्षं उंदरांना नॅफ्थॅलीनच्या हवेत ठेवलं. निकाल चक्रावणारे होते. 1992 मध्ये छोट्या उंदरांचा अहवाल आला. त्यात माद्यांच्या फुप्फुसांत गाठी दिसल्या. 2000 मध्ये मोठ्या उंदरांचा, म्हणजे रॅटचा अहवाल आला, तर गाठी नाकात! रसायन एकच, मग जागा वेगळी का?

उत्तर शरीराच्या साफसफाईच्या पद्धतीत आहे. वाफ फुप्फुसातून रक्तात चटकन शिरते. ती चरबीत विरघळणारी, त्यामुळे लघवीवाटे तशीच बाहेर टाकता येत नाही. आधी एन्झाइम तिचं रूप बदलतात. गंमत म्हणा की दुर्दैव, या पहिल्या पायरीवर तयार होणारं रूप मूळ नॅफ्थॅलीनपेक्षा जास्त उपद्रवी असतं. मग ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्याला चिकटून त्याला थंड करतो आणि माल लघवीतून बाहेर जातो. पण ग्लुटाथायोन संपलं, तर तिथल्याच पेशींना इजा होते. छोट्या उंदराच्या श्वासनलिकांत ही एन्झाइम भरपूर, तर रॅटच्या नाकात. म्हणजे जिथे रूपांतर जोरात, तिथेच घाव.

माकडांच्या फुप्फुसातून घेतलेल्या नमुन्यांत हेच काम फार संथ चालतं. त्यामुळे उंदराला झालं ते आपल्याला तसंच होईल, असं सरळ म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये नॅफ्थॅलीनला 2बी गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोगकारक असण्याची 'शक्यता'. एका साडीच्या वासाने घाबरून जायचं कारण नाही.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती आपल्या घरातली आहे. बाळाला मोठ्या भावंडांचे जुने कपडे घालायची आपल्याकडे हौस असते. ते वर्षानुवर्षं ट्रंकेत गोळ्यांसोबत पडलेले असतात. काही बाळांमध्ये जन्मतः जी6पीडी हे एन्झाइम कमी असतं. अशा बाळाने नॅफ्थॅलीन श्वासातून किंवा त्वचेतून घेतलं, तर त्याच्या लाल रक्तपेशी फुटू लागतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बहुतेक घरांत बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे कुणाला माहीतच नसतं.

तेव्हा बारशाआधी ती दुपटी आणि झबली काढाल, तेव्हा आधी धुवा, दोन-तीन दिवस उन्हात आणि वाऱ्यावर टाका. वास येत असेल तर पुन्हा धुवा. बाळाच्या कपड्यांत गोळी नकोच. आणि गोळ्या रांगत्या मुलाच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा, त्या पेपरमिंटसारख्या दिसतात. कुणी गिळली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या आणि गोळीचं पाकीट सोबत घ्या. काही गोळ्यांमध्ये नॅफ्थॅलीनऐवजी पॅराडायक्लोरोबेन्झीन असतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.