मोटार मोडीत निघाल्यावर

मोटार मोडीत निघाली की तिचे आयुष्य संपले, असे आपण पांढरपेशे मानतो. खेड्यातल्या लोहाराला तसे वाटत नाही. ट्रकच्या कमानीचा मोडका पाटा हाती आला की तो भट्टीत तापवतो, घणाखाली घालतो, पाणी देतो. पाट्याचा कोयता होतो. ओझ्याखाली वाकून पुन्हा सरळ होणारे ते पोलाद, धारेलाही टिकते. नेपाळातल्या खुकऱ्याही पुष्कळदा असल्याच पाट्यांच्या असतात. टायरच्या वहाणा तर आपल्या शेतांत चालल्या, आणि व्हिएतनामी सैनिकांच्या पायांतून लढाईवरही गेल्या!

पण मोटारीच्या दिव्याखाली तान्हे मूल ऊब घेत निजेल, अशी कल्पना कुणी केली असेल का?

२००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या मेउलाबो गावच्या इस्पितळाला आठ इन्क्युबेटर, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या, दान मिळाल्या. २००८ पर्यंत आठही बंद! विजेचे चढउतार, दमट हवा, आणि दुरुस्तीचे पुस्तक इंग्रजीत. (भाषेच्या मास्तराला तिसरे कारण जरा अधिक बोचते. असो.) आडगावात इन्क्युबेटर दुरुस्त करणारा भेटत नाही, मोटारीचा मिस्त्री हटकून भेटतो. मग पेटीच मोटारीच्या भागांची केली तर? कल्पना बॉस्टनच्या डॉ. जोनाथन रोझेन यांची. टिमथी प्रेस्टेरो आणि त्यांच्या मंडळींनी ती उभी केली. ऊब हेडलाइटची, वारा डॅशबोर्डच्या पंख्याचा, धोक्याची सूचना मोटारीच्या दाराच्या घंटेची, आणि वीज गेलीच तर मोटरसायकलची बॅटरी. २०१० साली अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकाने वर्षाच्या पन्नास उत्तम शोधांत तिला मानाने बसवले.

आणि तरीही ती पेटी कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मला रागच आला. मग आठवण झाली. माझी धाकटी आठव्या महिन्यात जन्मली. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. त्या रात्री कुणी मला म्हटले असते, “मास्तर, ही पेटी मोटारीच्या भागांची आहे, बिघडली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री नीट करील,” तर मी काय केले असते? दुसऱ्या इस्पितळाचा पत्ता विचारला असता. लोहार कोयता करतो तो ज्याला हवा असतो त्याच्यासाठी. इथे बाळाच्या आईबापांना कुणी विचारले होते?

पुढे त्याच मंडळींनी व्हिएतनाममधल्या एका कंपनीबरोबर काविळीच्या बाळांसाठी निळ्या प्रकाशाचे उपकरण केले. ते अनेक देशांच्या इस्पितळांत पोचले. त्यात मोटारीचा एकही भाग नाही.