‘पडीक’ या शब्दाची वंशावळ

चांद्याकडील सुशिक्षित मंडळींत असा एक समज रूढ आहे की, इंग्रजी अंमलापूर्वी चंद्रपूर-गडचिरोलीचे अरण्य बेवारस होते आणि सरकारजमा झाले म्हणूनच ते टिकले. वस्तुस्थिती निराळी आहे. जळाऊ लाकूड, चराई, मोहफुले, बांबू यांसाठी कोणत्या गावाने कोठवर जावे हे वहिवाटीने ठरलेले असे. मध्यप्रांताच्या महसुली दप्तरांतही त्याला ‘निस्तार’ हे नाव आहे, आणि बेवारस वस्तूच्या वहिवाटीची नोंद कोणतेही दप्तर ठेवीत नाही.

दुसरा समज असा की, श्रमातून मालकी उपजते हा विचारच मुळी विलायती. जॉन लॉकने १६८९ साली निघालेल्या आपल्या राज्यविषयक ग्रंथात तो मांडला हे खरे. परंतु जो रान साफ करील त्याला ती जमीन आणि जो तळे बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन बहाल करावी, असा गोंड राजा हीरशहाचा शिरस्ता चांद्यात परंपरेने सांगितला जातो, आणि हा राजा लॉकच्या कितीतरी आधीचा. भेद होता तो श्रम कशाला म्हणावे यात. लॉकच्या लेखी नांगराची जमीन तेवढी सुफल, अमेरिकेतील मूलनिवासींचे न नांगरलेले रान मात्र पडीक. इतरांसाठी पुरेसे व तितकेच चांगले उरावे, ही त्याची स्वतःचीच अट त्याचे अनुयायी सोयीस्करपणे विसरले.

यावरून काही विद्वान १८७८ चा वनकायदा थेट लॉकच्या पदरी बांधतात. तेही अर्धसत्यच. त्या कायद्याचा पाया, न दिलेली सारी पडीक जमीन पूर्वापार राजाचीच, या बेडन-पॉवेल नामक मुलकी अधिकाऱ्याच्या युक्तिवादावर रचलेला होता. गंमत अशी की, १८६४ साली वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झालेले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रँडिस हे गावांचे हक्क सरसकट बुडविण्याच्या विरुद्ध होते. जितके वाढते तितकेच तोडावे, हे सॅक्सनीच्या खाणीखात्यातील कार्लोविट्झने १७१३ साली ग्रंथात मांडलेले सूत्र ज्या जर्मन वनविद्येत रुजले तिचेच ते वारस. आणि त्या सूत्रात गावकऱ्याला हाकलण्याचे कलम कोठेही नव्हते. ग्रामवनांचे प्रकरण कायद्यात आले खरे, पण बहुतांशी कागदावरच राहिले.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा जुना प्रश्न मिटला असे पुष्कळांस वाटले. तोही गैरसमजच ठरला. कारण नवा कायदा बांबूला गौण वनोपज म्हणत असताना १९२७ चा कायदा त्याला वृक्षांतच मोजीत होता, आणि त्या तंट्यात ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक पडावयास एप्रिल २०११ उजाडले. वनस्पतिशास्त्राप्रमाणे गवतच असलेला बांबू जुन्या कायद्यातील वृक्षांच्या व्याख्येतून वगळला गेला तो त्यानंतर सहा वर्षांनी, २०१७ साली.