गोळीचं टोक नाही, बूड बघा! गॅस चेक सरळ बसणं एवढं महत्त्वाचं का?

रील्स बघताना एखादा परदेशी व्हिडिओ समोर येतो. कुणीतरी शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओततोय आणि प्रत्येक गोळीच्या बुडाला तांब्याची इवलीशी वाटी दाबून बसवतोय. या वाटीला गॅस चेक म्हणतात. ती एका बाजूला जरा वर राहिली, तर तो माणूस अख्खी गोळीच बाजूला टाकतो. एवढ्याशा तिरकेपणाने काय बिघडतं? आजच्या लेखात हेच समजून घेऊ.

आधी कुकर आठवा

कुकरची रिंग नीट बसली नाही की काय होतं? एका बाजूने वाफ फुसफुसत राहते आणि शिट्टी होत नाही. दाबाखालचा वायू नेहमी फट शोधतो. बंदुकीतही तेच घडतं, फक्त तिथे दाब कुकरच्या हजारो पट असतो.

पूर्णगडापासून सुरुवात करू

रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदी नदी समुद्राला मिळते, तिथे पूर्णगड किल्ला आहे. खाडीच्या तोंडावर नजर ठेवणाऱ्या अशा किल्ल्यांचा भरवसा तोफांवर असायचा. त्या काळच्या तोफेत लोखंडी गोळा पुढच्या तोंडातून आत ढकलायचे. तो अडकू नये म्हणून नळीपेक्षा थोडा लहान ठेवावा लागे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी तोफांमध्ये गोळ्याचा व्यास २० भाग, तर नळीचा २१ भाग असं प्रमाण होतं. फरक छोटा वाटतो ना? पण क्षेत्रफळ काढून बघा: ४४१ पैकी ४०० भाग गोळ्याने व्यापले, म्हणजे नळीची ९ टक्क्यांहून जास्त जागा उघडीच. तिथून वायू निसटायचा आणि गोळा नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडायचा.

मग १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिन्ये याने पोकळ बुडाची शिशाची गोळी आणली. वायूच्या दाबाने तिचं बूड फुगायचं आणि फट बंद व्हायची. १८५७ च्या चरबी लावलेल्या काडतुसांबद्दल तुम्ही शाळेत वाचलं असेल. ती एन्फिल्ड रायफल याच पिढीतली.

मग तांब्याची वाटी कशाला?

शिसं मऊ असतं आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. वेग कमी असेल तर नुसतं शिसं चालून जातं. वेग आणि दाब वाढला की गरम वायू गोळीच्या कडेने घुसतो आणि शिसं खरवडत पुढे जातो. गोळी नळीत जेमतेम एक-दोन मिलिसेकंद असते, त्यामुळे ती अख्खी वितळत नाही. पण कडा खराब होतात आणि शिशाचा थर नळीत चिकटतो. तांबं जास्त कडक असतं आणि १०८५ अंशांना वितळतं, म्हणून ते बुडाचं रक्षण करतं. कारखान्यातल्या रायफलच्या गोळ्यांवर बहुतेक वेळा तांब्याच्या मिश्रधातूचं आवरणच असतं, त्यामुळे त्यांना वेगळा गॅस चेक लागत नाही.

तिरका बसला तर दोन घोटाळे

पहिला घोटाळा नळीच्या तोंडाशी होतो. गोळी बाहेर पडते त्या क्षणीही मागे शेकडो वातावरणांचा दाब असतो. बूड सरळ असेल तर वायू सगळीकडून एकदम सुटतो. तिरकं असेल तर एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला कडेने धक्का बसतो. अमेरिकेच्या फ्रँकलिन मॅन यांनी मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडून बघितल्या आणि १९०९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. टोक बिघडलं तर नेम फारसा ढळत नव्हता, बूड बिघडलं की मात्र गोळ्या भलतीकडे जात होत्या.

दुसरा घोटाळा फिरण्याचा. नळीतल्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरते. समजा वेग सेकंदाला ६०० मीटर आहे आणि दर २५ सेंटिमीटरला एक फेरा होतो. म्हणजे सेकंदाला २,४०० फेरे, मिनिटाला १,४४,०००! आता वजनाचा मध्यबिंदू फक्त ०.०१ मिलिमीटर बाजूला सरकलाय असं धरा. बाहेर पडताना गोळीला सेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटर एवढा आडवा वेग मिळतो. १०० मीटर जायला साधारण सेकंदाचा सहावा भाग लागतो. तेवढ्यात गोळी अडीच सेंटिमीटर बाजूला! केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान चूक, पण निशाण्यावर बोटभर फरक.

आणि ही चूक नंतर सुधारत नाही. ओतताना बुडाला कंगोरा राहिला किंवा दाब एका बाजूने पडला, की वाटी तिरकी बसते. पुढे मापाच्या साच्यातून दाबताना ती तशीच घट्ट आवळली जाते. स्क्रीन गार्ड पहिल्या कडेला वाकडा लागला की पुढे सगळा वाकडाच जातो, तसंच हे.

भारतात हा छंद नाही, गुन्हा आहे

हे नीट वाचा. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्यामुळे 'फक्त साचा मागवून बघतो' हा विचारही नको. शिवाय शिसं विषारी आहे, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच. आपल्याकडे हे काम खडकी (१८६९ पासून) आणि वरणगावसारख्या सरकारी कारखान्यांत चालतं.

घरी करून बघायचंच असेल तर

भोवरा घ्या. तो फिरवून मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये शूट करा. मग एका बाजूला चण्याएवढी मातीची गोळी चिकटवून पुन्हा शूट करा. दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून बघा. तिरका गॅस चेक गोळीचं काय करतो, ते डोळ्यांनी दिसेल.