एकादशीच्या खिचडीनंतरचे तीन तास

आषाढी एकादशी. सकाळी साडेआठला ताटलीभर साबुदाण्याची खिचडी, दोन केळी आणि गोड चहा घेऊन मी शाळेत गेले. साडेअकराला नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हातातून खडू निसटला. मानेमागून घामाच्या धारा, बोटांना कंप, छातीत धडधड, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीचं नाव काही केल्या आठवेना. शिपाई मावशींनी साखरपाणी दिलं, तसं पंधरा मिनिटांत पुन्हा उभं राहता आलं. "बाई, उपास सोसत नाही तुम्हाला," मावशी म्हणाल्या. पण मी उपाशी होते कुठे? तीन तासांपूर्वी तर पोटभर खाल्लं होतं.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. पहिल्या डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून बोळवण केली, याचा मला अजून राग आहे. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र विचारलं, "त्रास होतो त्याच्या आधी काय खाल्लेलं असतं? किती वेळ आधी?" त्यांच्याकडूनच मी 'रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमिया', म्हणजे खाल्ल्यानंतर रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाणं, हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

इन्शुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं १९२२ साली. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या अलाबामाच्या सील हॅरिस या डॉक्टरांनी लिहिलं, की कधीच इन्शुलिन न घेतलेल्या माणसांतही इन्शुलिन जास्त झाल्याची लक्षणं दिसतात. पिठूळ किंवा गोड खाल्लं की साखर भरभर चढते, तिच्यामागे इन्शुलिन उशिरा आणि जास्त सुटतं, आणि जेवणानंतर दोन ते चार-पाच तासांत साखर गरजेपेक्षा खाली येते. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर हे होतं, मधुमेहाच्या उंबरठ्यावर होतं, आणि काहींना कारण न सापडताही होतं. घाम आला म्हणजे हाच आजार असं नव्हे. लक्षणं, त्याच वेळी रक्तात कमी भरलेली साखर, आणि साखर दिल्यावर आराम, अशा तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. घरचं ग्लुकोमीटर पंधरा टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं, म्हणून निदानासाठी शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत द्यावं.

मला खरं सांगायचंय ते साबुदाण्याबद्दल. एका नाताळच्या सुट्टीत तामिळनाडूत येरकाडला जाताना वाट वाकडी करून मी सेलमजवळचा साबुदाण्याचा कारखाना पाहिला. कसाव्याची मनगटाएवढी मातकट मुळं सोलून, धुऊन, किसून पाण्यासोबत चाळण्यांवर पडत होती. चोथा एकीकडे गेला, दुधासारखं पाणी टाक्यांत साचलं आणि तळाशी स्टार्चचा घट्ट पांढरा थर बसला. तो ओलसर थर फोडून हलत्या कापडावर टाकला, की त्याचे मोत्यासारखे दाणे वळत. मग तापलेल्या पत्र्यावर भाजणं आणि अंगणात वाळवण. मी त्या चोथ्याच्या ढिगाकडे कितीतरी वेळ बघत उभी होते. साखरेला अडवून धरणारा तंतू तिथे पडला होता, आणि आमच्या कढईत येतो तो नुसता स्टार्च! शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. शेंगदाण्यात प्रथिनं पंचवीस ग्रॅमच्या आसपास आणि जवळजवळ निम्मं तेल. म्हणजे खिचडीतला शेवटचा आधार काय तो दाण्याचा कूट.

परत आल्यावर डॉक्टरबाईंना विचारून मी दोन एकादशींना बोट टोचून रक्तातल्या साखरेच्या नोंदी ठेवल्या. पहिल्या वेळी नेहमीची खिचडी, त्यात कूट चिमटीने भुरभुरवलेला. उपाशीपोटी ८८, तासाभराने १६८, तीन तासांनी ५८. दुसऱ्या वेळी साबुदाणा निम्मा, कूट त्याच्या बरोबरीने, आधी वाटीभर काकडीची कोशिंबीर आणि सोबत दही. केळं नाही, चहा बिनसाखरेचा. तासाभराने १३१, तीन तासांनी ७६. दोन्ही वेळा घर तेच, कढईही तीच. हे आकडे माझ्या शरीराचे आहेत, दुसऱ्याचे वेगळे येतील. पण त्या दिवशी पाचव्या तासाला मी न थरथरता व्याकरण शिकवलं आणि घरी येऊन वही उघडून तो ७६ पुन्हा पुन्हा पाहिला.

तेव्हापासून कर्बोदकं एकटी पोटात धाडायची नाहीत, हा माझ्या ताटाचा नियम. आपल्याकडे जेवणाची सुरुवात वरणभातानं. मी कोशिंबीर आणि मटकीची उसळ आधी खाते, मग ज्वारीची भाकरी, आणि ताकभात शेवटी, चार घास. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेलमध्ये २०१५ साली मधुमेहाच्या अकरा रुग्णांवर असाच क्रम तपासला होता. भाजी आणि प्रथिनं आधी खाल्ल्यावर त्यांची साखर कमी चढली. मधुमेह वेगळा आणि रुग्ण मोजके, पण माझी वही तेच सांगते. भाताचा मोह सोडवत नाही आणि सोडायचीही गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. दर तीन तासांनी थोडं खायचं, फळ दाण्यांसोबत, सरबत मात्र बंद.

तरी कधी घसरण होतेच. तेव्हा तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी मोजायचं, आणि बरं वाटल्यावर लगेच मूठभर दाणे किंवा दूध घ्यायचं. हा दुसरा भाग मी सुरुवातीला विसरायचे, आणि तासाभरात पुन्हा घाम. माझ्या आजोळी उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ आणि शेंगदाणे पुढे करायचे. ती जोडी आता माझ्या पर्समध्ये पितळी डबीत असते.

दिवाळीची पहाट मला सर्वांत अवघड जाते. अभ्यंगस्नान झालं की रिकाम्या पोटी आधी करंजी, मग लाडू! त्या दिवशी मी आंघोळीआधीच भिजवलेले बदाम आणि वाटीभर मोड आलेले मूग खाऊन घेते, आणि करंजी एकच, पण चवीनं खाते.

आई आता ब्याऐंशीची आहे. पहिली दोन वर्षं ती म्हणायची, "कूट जास्त झाला की खिचडी कोरडी होते गं." गेल्या कार्तिकी एकादशीला मी माहेरी गेले, तर तिनं कढईशेजारी दोन सारख्या वाट्या मांडून ठेवल्या होत्या, एकीत भिजलेला साबुदाणा, दुसरीत कूट. काकडी चोचवून झाली होती. "आधी ही खा," म्हणाली, "मग गरम गरम वाढते."