‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी

विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, याचा गाजावाजा भरपूर झाला. त्याच दिवशी विंडोज ११साठी आलेल्या मासिक अपडेटने केलेला घोटाळा मात्र त्या गदारोळात झाकला गेला. अपडेट घेतलेल्या संगणकावर रिकव्हरीचा निळा पडदा उघडायचा, पण यूएसबीला जोडलेला कीबोर्ड किंवा माउस तिथे चालायचाच नाही. विंडोज नीट सुरू असेल तर सगळं ठीक. बिघडलं, की दुरुस्तीचे पर्याय समोर दिसणार आणि त्यातला एकही निवडता येणार नाही. ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने तातडीचं दुसरं अपडेट काढून ही चूक निस्तरली.

ही एकटी चूक असती तर सोडून देता आली असती. पण त्याआधी दोनच महिने, ऑगस्टच्या अपडेटनंतर, विंडोज १० आणि विंडोज ११च्या जुन्या आवृत्त्यांवर ‘रिसेट’ अर्धवट राहू लागला होता. त्यावरही १९ ऑगस्टला तातडीचा उतारा द्यावा लागला. त्याच्याही आधी, जानेवारी २०२४मध्ये, रिकव्हरीसाठीचं अपडेट असंख्य लोकांच्या संगणकावर बसेचना, कारण रिकव्हरीसाठी राखून ठेवलेल्या कप्प्यात जागाच पुरत नव्हती. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने लोकांना तो कप्पा हाताने मोठा करून घ्यायला सांगितलं. हिशेबाच्या वह्या सोडून नुकताच लॅपटॉपवर आलेला किराणा दुकानदार हार्ड डिस्कचे कप्पे कसा काय लहानमोठे करणार, याचा विचार तो सल्ला देताना झालेला दिसत नाही.

लॅपटॉप बिघडला तर ‘रिसेट’ करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. रिसेटच फसला तर काय, हे कोणी सांगत नाही. मोठ्या शहरात कंपनीचं सर्व्हिस सेंटर हाकेवर असतं. सोलापूरजवळच्या होटगीत तसं नाही. इथे रेल्वेचं जंक्शन आहे, गदगकडे जाणारा मार्ग इथूनच फुटतो, सिमेंटचा कारखाना आहे; पण लॅपटॉप मेला तर तो पिशवीत घालून सोलापूर गाठायचं, हाच रिवाज. आणि तिथल्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारू का?’

हा प्रश्न पूर्वी तितका धोक्याचा नव्हता. आता आहे. कारण पुढे येईलच.

आधी बिघाड कसा होतो ते पाहू. समजा, गावातल्या आपले सरकार सेवा केंद्राचा लॅपटॉप आहे. उत्पन्नाच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत गावाची निम्मी कागदपत्रं स्कॅन होऊन त्यात पडलेली. लॅपटॉप रखडायला लागतो म्हणून चालक संध्याकाळी रिसेटवर बोट ठेवतो. ‘फाइली ठेवा’ हा पर्याय निवडतो, इथपर्यंत शहाणपणाचंच. टक्के वाढत जातात, मध्येच वीज जाते, थकलेली बॅटरी दहा मिनिटंही तग धरत नाही. वीज आल्यावर बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह, खाली फिरणारे ठिपके, मग ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ची तयारी, मग दुरुस्ती झाली नसल्याचा निरोप, पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके. हे चक्र रात्रभर चालू ठेवलं तरी थांबत नाही.

आत नेमकं काय झालेलं असतं? रिसेटच्या वेळी विंडोज स्वतःची नवी प्रत उभारतं, जुनी बाजूला सरकवतं आणि शेवटी संगणकाला सांगतं, आता इथून सुरू हो. काम मधेच तुटलं तर मागे फिरण्याची सोयही असते, आणि बहुतेक वेळा ती काम करते. पण सुरुवात कुठून करायची याची नोंद अर्धवट लिहिली गेली, किंवा डिस्कच्या ज्या भागातून नवी प्रत घ्यायची तोच भाग खराब निघाला, तर पुढेही जाता येत नाही आणि मागेही. रिकव्हरीचा कप्पा त्याच डिस्कवर असतो, हे यातलं मूळ दुखणं. घराची जादा किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावावं, तशी ही व्यवस्था आहे.

पण या सगळ्यात लोकांच्या फाइलींना बहुधा धक्काही लागलेला नसतो. सुरू होण्याची वाट मोडलेली असते, साठवण शाबूत असते. याचा जगातला सर्वांत मोठा पुरावा १९ जुलै २०२४ला मिळाला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर रवाना झाली. ७८ मिनिटांत कंपनीने ती मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर रांगा लागल्या, इंडिगोने दोनशेच्या आसपास उड्डाणं रद्द केली, प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

त्या ८५ लाख संगणकांसाठी सांगितलेला उपाय काय होता? सेफ मोडमध्ये शिरायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली ती एक फाइल पुसायची, संगणक पुन्हा सुरू करायचा. बस. फॉरमॅट नाही, नवीन विंडोज नाही. अडचण एवढीच, की हे काम दुरून होत नव्हतं. प्रत्येक संगणकासमोर माणूस बसवावा लागला. शिवाय अनेक ठिकाणी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, किल्ली सापडेना, म्हणून एका फाइलीसाठी तासन्‌तास गेले. ठप्प झालेला संगणक म्हणजे गेलेली माहिती नव्हे, हे त्या दिवशी विमानतळांनी आणि बँकांनी शिकून घेतलं. गावातल्या लॅपटॉपधारकापर्यंत ते अजून पोचायचं आहे.

म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नाही, फाइली बाहेर काढण्याचं. आणि ते घरबसल्या होऊ शकतं. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचं चिन्ह दिसलं, की पॉवरचं बटण दाबून धरून तो बंद करायचा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज आपण होऊन रिकव्हरीचा पडदा काढतं. तिथे प्रगत पर्यायांमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ असतो. त्या काळ्या खिडकीत ‘नोटपॅड’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबलं, की साधं नोटपॅड उघडतं. आता त्यातल्या ‘फाइल’ मेनूतून ‘ओपन’ निवडायचं आणि खाली ‘ऑल फाइल्स’ करायचं. समोर चक्क सगळे ड्राइव्ह दिसतात. डेस्कटॉपवरचं फोल्डर शोधायचं, माउसचं उजवं बटण दाबून कॉपी करायचं आणि लावलेल्या पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. नेहमीचा सी ड्राइव्ह इथे डी किंवा ई नावाने दिसू शकतो, त्याने दचकू नये. कॉपी चालू असताना टक्क्यांची पट्टी दिसत नाही, त्यामुळे खिडकी गोठल्यासारखी वाटली तरी धीर धरावा. एक रुपयाही खर्च न होता मुलीचा प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, केंद्रातले स्कॅन बाहेर येतात.

हा पडदाच उघडत नसेल तर दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे लॅपटॉप त्यावरून सुरू होईल असा, करून घ्यावा लागतो. त्यासाठीचं साधन मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना डेलमध्ये एफ१२, एचपीत एस्केप आणि मग एफ९, लेनोवोत बहुधा एफ१२ दाबायचं आणि दुरुस्तीच्या पर्यायांतून त्याच कमांड प्रॉम्प्टवर जायचं. लेनोवोच्या काही मॉडेलांत कडेला टाचणी खुपसण्याएवढं छिद्रही असतं. इथे पुष्कळजण एका जागी फसतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. पडद्यावर रिकामी यादी येते आणि निदान होतं, ‘एसएसडी उडाली, नवीन टाका.’ प्रत्यक्षात इंटेलचा साठवणुकीचा एक ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तिथे दाखवला की डिस्क हजर होते. डिस्क खरोखर गेली आहे का, याची खरी परीक्षा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये : तिथेच तिचं नाव दिसत नसेल तर मात्र प्रकरण यंत्राचं, सॉफ्टवेअरचं नाही.

फाइली निघाल्या, की मग दुरुस्तीला हात घालावा आणि सौम्य उपायापासून सुरुवात करावी. स्टार्टअप रिपेअर, नुकतंच आलेलं अपडेट काढून टाकणं, सिस्टिम रिस्टोअर, या क्रमाने. त्यातून न जमल्यास सुरुवातीची नोंद नव्याने लिहिणारी ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा आहे; जाणकार तंत्रज्ञाचं ते दोन मिनिटांचं काम. शेवटचा इलाज नवीन विंडोज. तेव्हाही जुन्या कप्प्यावर ‘फॉरमॅट’ किंवा ‘डिलीट’ न दाबता थेट त्यावरच विंडोज टाकलं, तर जुन्या फाइली ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात. तिथून त्या लगेच काढून घ्याव्यात, कारण काही दिवसांनी विंडोज ते फोल्डर स्वतःच साफ करू शकतं.

आता फॉरमॅटच्या प्रश्नाकडे. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर फॉरमॅट मारलं तरी माहिती तिथेच पडून असायची, फक्त तिची यादी जायची. त्यावर नवं काही लिहिलं जाण्याआधी जाणता माणूस रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बरंच परत आणू शकायचा. एसएसडीत तसं नाही. फाइल पुसली वा फॉरमॅट झालं की विंडोज ‘ट्रिम’ नावाची सूचना देतं, आणि त्या जागा आता मोकळ्या आहेत हे कळताच एसएसडी आपल्या सवडीने त्या खरोखरच साफ करून टाकते. काही मिनिटांत परतीचा रस्ता बंद होतो. वेगासाठी लोकांनी जुने लॅपटॉप एसएसडी घालून ताजेतवाने केले, ते चांगलंच केलं. पण दुकानातली सवय तबकडीच्या काळातली राहिली, आणि तिची किंमत गिऱ्हाईक मोजतो. दुरुस्ती करणारी ही मुलं कुशल असतात. सर्किटवरचा जळलेला भाग भिंगाखाली ओळखून बदलणारे हात सोलापुरातही आहेत. त्यांच्याकडे नाही ती गिऱ्हाइकाच्या फाइलींचं मोल विचारण्याची फुरसत. तेव्हा ‘आधी डेटा काढा, मग काय ते करा’ हे गिऱ्हाइकानेच ठासून सांगावं, जमल्यास पावतीवर लिहून घ्यावं.

याच्या जोडीला बिटलॉकर. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं, तर बहुतेक लॅपटॉपांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला पत्ताही नसतो. लॅपटॉप बिघडला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते, कोणत्याही फोनवरून बघता येते. पण ते खातं कोणत्या ईमेलवर काढलं होतं हेच आठवत नसेल तर? पुष्कळ घरांत लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलानेच घाईत एक ईमेल तयार करून दिलेला असतो. पासवर्ड त्याने ठेवला, की मुलाने, की कोणीच नाही? किल्ली नसेल तर नोटपॅडची युक्तीही चालत नाही, आणि नामांकित प्रयोगशाळाही हात टेकते. चोरापासून वाचवणारं कुलूप चांगलंच. मालकाला न सांगता लावलेलं कुलूप मात्र अन्यायाचं आहे, आणि विकताना ते सांगण्याची सक्ती कंपन्यांवर असायला हवी.

कंपन्यांकडून आणखीही अपेक्षा करायला जागा आहे. एकेकाळी लॅपटॉपच्या खोक्यात रिकव्हरीची डीव्हीडी यायची. ती बंद झाली आणि तिची जागा डिस्कवरच्या त्या लपलेल्या कप्प्याने घेतली. पन्नास हजारांच्या लॅपटॉपसोबत काहीशे रुपयांचा पेनड्राइव्ह देणं कोणत्याही कंपनीला जड नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात सुट्या भागांइतकाच रिकव्हरीच्या साधनांचाही आग्रह धरला गेला पाहिजे.

क्राउडस्ट्राइकच्या धड्यानंतर मायक्रोसॉफ्टने २०२५मध्ये ‘क्विक मशीन रिकव्हरी’ आणली. लॅपटॉप सुरूच होत नसेल तर तो रिकव्हरीतून इंटरनेटला जोडला जातो आणि मायक्रोसॉफ्टने काढलेला उतारा स्वतःच उतरवून घेतो. सोय खरोखर उपयोगी आहे, पण ती एकाच वेळी हजारो संगणकांना ग्रासणाऱ्या बिघाडासाठी. वीज जाऊन एकट्या लॅपटॉपचा रिसेट फसला, तर त्यावर तिच्याकडे औषध नाही.

घरगुती विंडोज १० वापरणाऱ्यांना वाढीव सुरक्षा अपडेटं १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळणार आहेत, तीही नोंदणी केली तरच. तोवर अनेकजण जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढवायचा प्रयत्न करतील. आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर त्यात अधिकृतपणे बसत नाहीत, तरी आडमार्गाने ते चढवून देणारे भेटतील. फसलेल्या रिकव्हरीच्या तक्रारी त्यातून वाढतील, कमी होणार नाहीत. सेवा केंद्राच्या चालकाने, कॉलेजच्या पोरांनी, ट्यूशन घेणाऱ्या बाईंनी अर्जांची आणि परीक्षांची गर्दी नसताना एखाद्या दुपारी तीन कामं उरकून घ्यावीत : बूटेबल पेनड्राइव्ह, फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि बिटलॉकरचे ते ४८ आकडे कागदावर, लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे तर कपाटातल्या कागदपत्रांच्या फायलीत. रिसेटवर बोट ठेवायचं ते त्यानंतर, चार्जर लावून, आणि वीज जायची वेळ टाळून.