शॉटला शॉट जुळवताना: आधी उजेड, मग रंग

समजा, एका आजींची मुलाखत आपण दोन कॅमेऱ्यांवर घेतली. एक समोर, एक बाजूला, दोन्ही ऑटो व्हाइट बॅलन्सवर. एडिटिंगला बसल्यावर कळतं, समोरच्या शॉटमध्ये आजी पिवळट आहेत आणि बाजूच्या शॉटमध्ये निळसर. बोलता बोलता त्यांचा गळा दाटून येतो आणि नेमका तिथेच कट आहे. बघणाऱ्याचं लक्ष आजींवरून उडून रंगावर जातं. हे होऊ नये, एवढ्यासाठी रंग जुळवायचा.

आपण बहुतेक जण लगेच कलर व्हील फिरवायला लागतो. इथेच चुकतं. आधी एक शॉट आधाराला धरा, ज्यात चेहरा सगळ्यांत चांगला आलाय तो. मग दुसऱ्याचा उजेड त्याला जुळवा. वेव्हफॉर्मवर खाली 0 म्हणजे काळा, वर 100 म्हणजे पांढरा. आता दोन्ही शॉटमध्ये दिसणारी एकच वस्तू घ्या, समजा साडीचा गडद काठ. तो दोन्हीकडे सारख्या उंचीवर आणा. मग उजळ भाग, मग मधला. उजेड जुळला की निम्मा फरक तिथेच मिटलेला असतो.

त्यानंतर रंग. पांढऱ्या भिंतीचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आलेख परेडमध्ये जवळपास एका पातळीत यायला हवेत. शेवटी चेहरा. व्हेक्टरस्कोपवर त्वचेची एक रेषा असते. वर्ण सावळा असो की गोरा, त्वचेचा रंग साधारण त्याच रेषेच्या आसपास पडतो. दोन्ही शॉट तिथे एकत्र आले पाहिजेत.

कुणी म्हणेल, डोळ्यांनी दिसतंय की, स्कोप कशाला? तर डोळा जुळवून घेतो. पांढरा कागद बल्बखाली आणि उन्हात, दोन्हीकडे आपल्याला पांढराच वाटतो. दहा मिनिटं पिवळट शॉट बघत बसलो, की तोच बरोबर वाटायला लागतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. कपाळावरचा उजेड शूटिंगच्या वेळीच जळून पांढरा झाला असेल, तर तिथला रंग परत येत नाही. म्हणून शूटिंगलाच दोन्ही कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स हाताने एकाच आकड्यावर लावा आणि सुरुवातीला ग्रे कार्ड धरून दोन सेकंद शूट करा. तरी थोडा फरक राहील; कंपनी बदलली की रंग बदलतो. पण तेवढं काम मग पाच मिनिटांचं.