रेशनचे धान्य आणि मधुमेह: ताटात काय बदलावे?

सरकार हमीभावाने सर्वाधिक खरेदी गहू-तांदळाची करते, म्हणून रेशनवरही मुख्यतः तेच मिळते. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, तेही २०२३ पासून मोफत. डाळ मात्र बहुतेकदा बाजारभावाने घ्यावी लागते. त्यामुळे ताटात भात-चपाती वाढते, वरण पातळ होते आणि जेवणानंतरची साखर चढते.

रेशन बंद करू नका. भात थोडा कमी करून घट्ट वरण किंवा मटकी-हरभऱ्याची उसळ आणि पालेभाजी वाढवा. धान्यावर वाचलेले पैसे कडधान्यासाठी ठेवा.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या सुरू असतील तर भात-चपाती एकदम कमी करू नका. साखर फार खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास डाळीचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.